आवडाईचा उतारा

फार वर्षांपूर्वी पाथरटेक गावात एक बाई होती. तिचं नाव आवडाई. नाव ठेवणाऱ्या आत्यानं काय बघून ठेवलं कोण जाणे, कारण ती गावात कुणालाच आवडत नव्हती. तिलाही कुणी आवडत नव्हतं, त्यामुळं दोन्हीकडून तक्रारीला जागा नव्हती.

आवडाई चिडकी होती. साधी चिडकी नव्हे. असं म्हणतात, ती टेकाच्या वरच्या अंगाला चिडली की खालच्या अंगाला दूध नासायचं. तिचा कोंबडा तिच्या अंगणात आरवायचा नाही, शेजारी जाऊन आरवून गुपचूप परत यायचा. नवरा बिचारा लवकर गेला. गाव म्हणायचं, सुटला. हे म्हणणारे तुमचे खापरपणजोबा हां, माझ्याकडं डोळे वटारू नका.

पण दुखलं-खुपलं की वाट तिच्याच दाराची. तिला झाडपाला कळायचा. बाई अडली, पोट फुगलं, घशात काटा रुतला, की बोलावणं आवडाईला. ती यायची, आधी शिव्या द्यायची, मग औषध द्यायची. हा क्रम कधी चुकला नाही. "काय खाल्लंस? किती खाल्लंस? आणि ते पोटात मावंल असं तुला वाटलं तरी कसं?" असं ती विचारायची, आणि निम्मं दुखणं तिथंच पळून जायचं. उरलेल्या निम्म्याला काढा.

आता कुणाला वाटेल, अशी बाई देवाधर्माचं काय करत असेल. तर ऐका. मुळी उपटायच्या आधी ती टेकावरच्या कडजाईकडं तोंड करून हात जोडायची. आणि जोडलेल्या हातांनीच देवीला सुनावायची, "एवढी खोल कशाला रुजवलीस गं? माझी कंबर कोण बघणार, तुझा बाप?" देवीला असं बोलणारी तीच एक. बाकीचे देवीला गोड बोलायचे आणि माघारी पाहिजे ते करायचे.

या गावात कडजाईची जत्रा चैत्रात भरायची, अजून भरते. जत्रेचा प्रसाद म्हणजे आंबील. नाचणीचं पीठ आंबवायचं, ताक घालून शिजवायचं आणि सकाळी सगळ्या गावानं देवीच्या पायरीवर बसून उपाशीपोटी प्यायचं. ही आंबील शिजायची देवीच्या हंड्यात. हंडा तांब्याचा, आणि एवढा थोरला की आत दोन माणसं बसून भांडू शकतील.

तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं, विषारी होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून आतून कल्हई लावतात. फाल्गुनात कल्हईवाला यायचा, वडाखाली भाता मांडून बसायचा, आणि घरोघरची भांडी आतून चांदीसारखी करून द्यायचा. देवीचा हंडाही दरवर्षी खाली यायचा. चार गडी लागायचे त्याला पायऱ्यांवरून उतरवायला.

त्या वर्षी हंडा खाली आला नाही.

देवीची पूजा सटवाजी गुरवाकडं होती. माणूस वाईट नव्हता. पूजा वेळेवर, बोलणं मऊ, कपाळावर भंडारा. कधीमधी त्याच्या अंगात देवी यायची, तेव्हा गाव त्याच्या पाया पडायचं. कल्हईवाल्यानं निरोप धाडला, "गुरव, हंडा कधी देताय?" सटवाजीला त्या दिवशी कंटाळा आला होता. चार गडी बोलवा, दोर बांधा, हंडा उतरवा, परत चढवा. आता कंटाळा काय, तुम्हाला येतो, मलाही येतो. पण कंटाळा आला म्हणायच्या जागी तो काय म्हणाला? "देवीचा हंडा देवी राखते. त्याला कसली कल्हई?"

आपल्या आळसाला त्यानं देवीचं नाव दिलं. माझा राग इथून सुरू होतो. आणि तो एकट्या सटवाजीवर नाही, कारण हे ऐकून गाव काय म्हणालं? "बघा, काय श्रद्धा हाय." माना डोलावल्या सगळ्यांनी. कल्हईवाल्यानं भाता आवरला, गाढवावर टाकला आणि निघून गेला. आवडाई त्या वेळी रानात मुळ्या उकरत होती. तिच्या कानावर हे आलं असतं, तर ही गोष्टच घडली नसती आणि तुम्ही घरी जाऊन झोपला असता.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी आंबील शिजली. रात्रभर हंड्यात मुरली. सकाळी सटवाजीनं झाकण काढलं तर काठाकाठानं हिरवी साय. असं म्हणतात, एक क्षणभर त्याचा हात थांबला. कळलं होतं त्याला. मी पैजेवर सांगतो, कळलं होतं. पण पायरीवर सगळं गाव वाट्या घेऊन बसलेलं, पुढं पालखी खोळंबलेली. तेव्हा त्यानं पळी वर केली आणि म्हणाला, "आईचा हिरवा चुडा उतरला आंबिलीत. यंदा सुवासिनींचं भाग्य."

मग काय विचारता. बायका एकमेकींना ढकलून पुढं झाल्या. एरवी एक वाटी पिणारी दोन दोन प्यायली. आंबील जिभेला खरवडत होती, तोंडात पैसा ठेवल्यासारखी चव येत होती. पण प्रसादाला चव नसते म्हणतात, त्यामुळं कुणी बोललं नाही. तोंड वाकडं करत प्यायले आणि वाकड्या तोंडानंच "वा" म्हणाले. हसताय? तुम्हीही प्यायला असता. मी तर तिसरी वाटी मागितली असती.

रावजी सुताराची सून होती ठमी. लग्नाला सात वर्षं, पदरी मूल नाही. सासरी रोज टोमणे. तिनं हिरवा चुडा उतरला हे ऐकलं आणि चार वाट्या प्यायली. शेवटच्या वाटीला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकांना वाटलं, भक्तीचं.

आणि गुरवाची लेक गोजरी, सात वर्षांची. ती हंड्याजवळच उभी असायची, बापाच्या हाताखाली. ती दोन वाट्या प्यायली.

सटवाजी स्वतः प्यायला नाही. पालखी परत येईपर्यंत गुरवाला उपास असतो.

दुपार व्हायच्या आत गाव ओणवं झालं. घराघरातून ओकाऱ्या, पोटात पिळे, हातापायाला गोळे. थोडी प्यायलेले एक-दोनदा ओकून मोकळे झाले, पण वीसेक माणसं आडवी पडली. अंग गार, ओठ पांढरे. आवडाई पहाटेच शेजारच्या वाडीवर बाळंतपणाला गेली होती. ती परत येते तर वेशीवरच तिला वास आला. तिनं पिशवी टाकली आणि तशीच पायऱ्या चढून गेली. हंड्यात डोकं घातलं. नखांनी आतून खरवडलं. नखं हिरवी झाली.

"कल्हई कुठाय?" तिनं विचारलं.

देवळात झाडू मारणारी म्हातारी म्हणाली, "गुरव म्हनलं, देवी राखती."

असं म्हणतात, त्या वेळी आवडाईनं हंड्यात तोंड घालून अशी काही शिवी दिली की हंडा पालखी परत येईपर्यंत घुमत होता. शिवी कोणती ते मला ठाऊक आहे. लेकरं बसलीत, म्हणून सांगत नाही.

तिला यावरचं औषध माहीत होतं. मुळी नको, काढा नको. दुधात अंड्याचं पांढरं फेटायचं, वरून तूप, आणि पाजत राहायचं. ओकलं की परत पाजायचं. घरोघरी आहे ते. म्हणून ती घरोघर गेली.

"दूध दे."

"आज दूध अभिषेकाचं. दुसऱ्या कामाला द्यायचं न्हाई."

"अंडी दे."

"कोंबडी खुडूक बसलीया, आवडाई."

"तुझ्या परड्यात सात कोंबड्या मी बघितल्या. सातीच्या साती खुडूक?"

"सातीच्या साती."

कुणी दार लावून घेतलं, कुणी दाराआडून बोललं. खरं कारण एकच होतं. औषध घेतलं म्हणजे प्रसाद बाधला असं म्हटल्यासारखं होतं, आणि ते कुणाच्या तोंडून पहिल्यांदा निघायचं? ओकत होते, पण कबूल होत नव्हते.

आवडाईच्या घरी एक शेळी होती. तिचं वाटीभर दूध काढून ती ठमीकडं धावली. ठमी भिंतीला पाठ लावून बसली होती, ओठ मिटून. सासू आडवी आली, "प्रसादावर औषध घातलं तर आईला काय वाटंल?"

"आईला मी बघून घेते. तू बाजूला हो."

सासू बाजूला झालीही. पण ठमीनंच तोंड उघडलं नाही. आवडाईनं वाटी ओठाला लावली तर तिनं मान फिरवली. एवढंच म्हणाली, "मावशी, आईनं चुडा दिलाय. बाहेर काढू नका."

आवडाई तिथं किती वेळ बसली ते कुणी पाहिलं नाही. ती पहिल्यांदा शिवी न देता बोलली म्हणतात. समजावलं, हात जोडले. ठमी ओठ दाबून बसली होती ती तशीच राहिली. ऊन भिंतीवरून उतरायच्या आत तिनं प्राण सोडला.

आता मला सांगा, हिला कुणी मारलं? देवीनं? आंबिलीनं? ज्याला उत्तर येतं त्यानं हात वर करायचा. नाही ना करत कुणी. बरं.

ठमी गेल्यावर गाव घाबरलं आणि देवळात गोळा झालं. पालखी अर्ध्यावरून परत आणली. सटवाजीच्या घरात, देवळाला लागूनच, गोजरी निपचित पडली होती, आणि सटवाजी देवीपुढं उभा राहून थरथर कापत होता. मग त्याच्या अंगात आलं. खरं आलं की आणलं, ते देवीला माहीत. केस सुटले, डोळे फिरले, आणि तो बायकी आवाजात बोलला, "उतारा द्या. उतारा द्या माझ्या लेकरांना."

एवढंच बोलून तो खाली कोसळला.

आता या शब्दाचं सांगतो. आपल्याकडं उतारा म्हणजे दहीभात, अंडं, लिंबू असं आजाऱ्यावरून ओवाळून चव्हाट्यावर ठेवतात, तो. आणि विष चढलेल्याला जे पाजतात, तोही उताराच. तिसरा उतारा तलाठ्याकडं मिळतो, पण तो हातात पडेपर्यंत माणूस टिकत नाही, म्हणून त्याचं इथं काम नाही.

देवीनं उतारा मागितला म्हटल्यावर गाव धावलं. आणि काय आलं म्हणता? ज्या कोंबड्या खुडूक होत्या, त्यांची अंडी आली. टोपल्या भरून आली. कळश्या भरून दूध आलं. तूप आलं, दही आलं, पांढरा भात आला. जिनं सातीच्या साती खुडूक सांगितल्या होत्या, तिनं नऊ अंडी आणली. म्हणजे कोंबड्यांनी वर दोन आगाऊ घातली असणार.

आवडाई देवळाच्या दारात उभी होती. ठमीच्या घरून नुकतीच आलेली. तिनं तो ढीग बघितला. असं म्हणतात की ती हसली, आणि ते हसणं ऐकून देवळातली घंटा आपोआप वाजली. माझं म्हणणं, कुणीतरी घाबरून मागं सरकलं आणि त्याचं डोकं आपटलं. पण आवाज झाला हे खरं.

"हे सगळं कुठं नेताय?" तिनं विचारलं.

"चव्हाट्यावर," सटवाजी म्हणाला. तो उठून बसला होता. "देवीनं सांगितलंय. आजाऱ्यांवरून उतरवून चव्हाट्यावर टाकायचं."

"टाका म्हनाली?"

"म्हंजे?"

"देवी काय म्हनाली, सटव्या? सगळ्यांनी ऐकलंय. टाका म्हनाली का द्या म्हनाली?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. मागून एक जण हळूच म्हणाला, "द्या म्हनाली."

"कुनाला द्या म्हनाली?"

"लेकरांना."

"चव्हाट्यावर कुनाचं लेकरू झोपलंय का? तिथं कुत्री हायत. देवीनं चांगलं नीट सांगितलं, आन् तुमी कुत्र्यांना वाढाय निघालाय."

सटवाजी म्हणाला, "आवडाई, वेडी झालीस काय? उतारा कुनी खातं का? जो खाईल त्याला पीडा लागती. आन् उतारा चव्हाट्यावरच जातो, ही रीत हाय."

"रीत मोडायची न्हाई," आवडाई म्हणाली. "चव्हाट्यावरच ठेवू."

तिनं सटवाजीचा हात धरला आणि त्याचंच बोट त्याच्या गळ्यावर टेकवलं. "हा काय हाय? हितनं घास जातो. हितनं श्वास जातो. हितनंच शब्द येतो, आन् हुंदका बी हितनंच. चार वाटा झाल्या का न्हाई? मोज."

सटवाजीनं मोजल्या. गळ्याशी बोट असल्यावर माणूस मोजतोच.

"चार वाटा मिळतात त्याला काय म्हनतात? चव्हाटा. मानसाचा चव्हाटा हितं असतो. देवी उतारा तिथंच मागतीया. गावच्या चव्हाट्यावर उद्या ठमीची तिरडी टेकायचीय. तेवढं पुरं झालं."

कुणी हललं नाही. आवडाईनं मग वाट बघितली नाही. कळशीतलं दूध घेतलं, पाच अंडी फोडली, पिवळं बाजूला काढलं, पांढरं दुधात फेटलं, तूप सोडलं. ठरलेल्या रीतीनं ते देवीपुढं ओवाळलं. आणि पहिली वाटी सगळ्यांदेखत स्वतः प्यायली.

"पीडा लागंल," सटवाजी पुटपुटला.

"लागू दे. माझ्यात राग एवढा भरलाय, तिला बसाय जागा मिळायची न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता दुसरी वाटी. कुनाच्या घरी?"

गाव सटवाजीकडं बघत होतं. एक गोष्ट सगळ्यांना कळत होती. गुरवाची पोर प्यायली तर सगळे पितील. गुरवाची पोर प्यायली नाही तर कुणी पिणार नाही, आणि वीस माणसं ठमीच्या वाटेनं जातील. सटवाजीलाही कळत होतं. त्याला एक जास्त कळत होतं. वाटी आपल्या हातानं पोरीच्या तोंडाला लावली, म्हणजे हिरवा चुडा नव्हता हे आपणच सांगितल्यासारखं.

तो दारात उभा राहिला. आत गोजरी पडलेली. आवडाईनं वाटी त्याच्यापुढं धरली.

"तू पाज," तो म्हणाला.

"मी पाजनार न्हाई. तुझ्या तोंडून देवी बोलली. तुझ्याच हातानं द्यायचं."

"आन् न्हाई वाचली तर?"

"तर मला शिव्या घाल. वाचली तर देवीनं वाचवली म्हन. मी हितं भांडाय येनार न्हाई. औषध काय मी माझ्या माहेरून आनलंय? गाय तिची, कोंबडी तिची, पोर तिची. तुझं काय हाय त्यात? हात तेवढा तुझा."

तरी तो उभाच. आतून त्याची बायको बाहेर आली. ती आयुष्यात नवऱ्यापुढं मोठ्यानं बोलली नव्हती. ती म्हणाली, "तुमी देताय, का मी देऊ? मी दिलं तर परत तुमच्या देवळाचं सारवन करनार न्हाई, सांगून ठेवते."

सटवाजीनं वाटी घेतली. पोरीचं डोकं मांडीवर घेतलं, वाटी तिच्यावरून एकदा ओवाळली आणि तोंडाला लावली. गोजरीनं गिळलं आणि सगळं बापाच्या धोतरावर ओकलं. हिरवं. गाव दारातून बघत होतं. सटवाजीनं दुसरी वाटी मागितली. तीही गेली. तिसरी राहिली.

मग लोक धावले. ज्यानं त्यानं आपापल्या माणसावरून वाटी ओवाळली आणि चव्हाट्यावर ठेवली. असं म्हणतात, त्या दिवशी कळशीतलं दूध संपलंच नाही, ओतावं तितकं येत होतं. मला विचाराल तर दोनदा संपलं, आणि दोन्हीदा लोक घरी जाऊन दडवलेलं घेऊन आले. पण तुम्हाला न संपणारी कळशी आवडत असेल तर तीच घ्या. माझ्या मते लपवलेलं दूध बाहेर येणं हा मोठा चमत्कार.

दिवे लागायच्या वेळी गोजरीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "मला आंबील नको." उरलेली वीसच्या वीस माणसं वाचली.

सटवाजी आवडाईच्या पाया पडायला आला. तिनं पाय मागं घेतले.

"मला तुझा नमस्कार नको, लुगडं नको. घासाची वाट मी मोकळी केली. आता शब्दाची तू कर. बोल, हंड्याला काय झालं होतं."

सगळं गाव पायरीवर बसलं होतं. सटवाजीनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. त्याला विषाशिवाय ओकारी येतेय असं वाटलं लोकांना. शेवटी तो म्हणाला, "हंडा मी दिला न्हाई. मला कंटाळा आला हुता. नाव मी देवीचं घेतलं. हिरवं दिसलं, तरी वाढलं. ठमी त्यानं गेली."

एवढं बोलून तो रडला. कुणी त्याला मारलं नाही. कुणी समजूतही घातली नाही. आवडाई म्हणाली, "हे दरसाल बोलायचं," आणि उठली.

तिला वाटलं असेल, राग आता जाईल. गेला नाही. हिरवी झालेली नखं तिनं चिंचेनं घासली, राखेनं घासली, हिरवीच राहिली. माणसं वाचली होती, पण ठमी तिच्या शेळीच्या दुधाची वाटी तोंडाशी असताना गेली होती. ठमीला सात वर्षं टोमणे मारणाऱ्यांना आवडाई पुरून उरली असती. पण ठमीनं देवीसाठी ओठ मिटले होते, आणि त्याचा जाब गावाला विचारून भागत नव्हतं.

तेराव्या दिवशी ती पायऱ्या चढून देवळात गेली. खाली सांगून गेली, "तिच्याशी बोलायचंय. मधी कुनी यायचं न्हाई." दार आतून लावलं. असं म्हणतात की दिवसभर आतून दोन बायकांच्या भांडणाचे आवाज येत होते. एक आवाज ओळखीचा होता. दुसरा कुणी कधी ऐकला नव्हता, आणि तो फार थोडं बोलत होता. ठमीचं नाव सारखं येत होतं. दिवस कलला तेव्हा आवाज थांबले. लोकांनी दार ढकललं तर आत आवडाई नव्हती. देवीच्या पुढ्यात, जिथं सपाट फरशी होती, तिथं गुडघाभर उंचीचा एक काळा दगड वर आला होता.

तो दगड अजून आहे. जाऊन बघा, मी खोटं सांगत असलो तर मला येऊन सांगा. बाकी सगळ्या देवळांत छोटे देव मोठ्या देवाच्या बाजूला बसतात, आपल्याकडं तोंड करून. हा दगड देवीच्या समोर आहे, आणि त्याला जो काही चेहरा आहे तो देवीकडं आहे. आपल्याला त्याची पाठच दिसते. परगावचे लोक म्हणतात, हा दगड उलटा बसला. पाथरटेकचे म्हणतात, सुलटा आहे, ती आपल्या बाजूनं बोलतेय.

खाली रस्त्याला आता दवाखाना झालाय. नर्सबाईंनी गोळी दिली की पाथरटेकचा माणूस ती हातावर घेतो, डोक्यावरून एकदा ओवाळतो, "आवडाईचा उतारा" म्हणतो आणि गिळतो. नवी नर्स आली की पहिल्या दिवशी हसते. मग एखादी म्हातारी सांगते, "हसा, बाई, पन पाच दिसाच्या असतील तर पाच दिसाच्या मोजून द्या. आमी शेवटची बी ओवाळतो." तिकडं शहरात दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या फडताळात टाकतात, वर स्वतःला शिकलेले म्हणवतात.

आणि जत्रेला, आंबील शिजायच्या आधी, गावातली सगळ्यांत म्हातारी बाई हंड्यात डोकं घालते, बोट फिरवते, ते बोट गावाला दाखवते. मग गुरवाला शिव्या देते. शिव्या पाठ केलेल्या चालत नाहीत, दरवर्षी नव्या लागतात, आणि म्हाताऱ्या वर्षभर तयारी करतात. त्यानंतर सटवाजीच्या घराण्यातला जो कुणी गुरव असेल तो पायरीवर उभा राहतो आणि बोलतो. सटवाजीचं नाव घेत नाही. स्वतःला 'मी' म्हणत बोलतो. हंडा मी दिला नाही, मला कंटाळा आला होता, नाव मी देवीचं घेतलं.

काही वर्षांपूर्वी हंडा बदलला. तांब्याचा झिजला, आता स्टीलचा आहे. त्याला कल्हई लागत नाही. त्याच सुमारास जुना गुरव वारला आणि त्याचा मुलगा बाबूराव पूजेला उभा राहिला. कारखान्यात नोकरी केलेला, तिशी ओलांडलेला माणूस. म्हातारीच्या शिव्या त्यानं हसून घेतल्या. मग म्हणाला, "हंडा स्टीलचा हाय. ते झालं तेव्हा माझा आजा बी जन्मला नव्हता. मी का म्हणू मी केलं?"

बरोबर होतं त्याचं. कुणी वाद घातला नाही. कुणी ओरडलं नाही. फक्त एकानंही वाटी पुढं केली नाही. आंबील निवली. ऊन पायरीवर आलं, मग डोक्यावर आलं. लेकरं भुकेनं रडायला लागली, तरी आयांनी त्यांच्या वाट्या पालथ्या धरल्या. सुतारांच्या घरातली, ठमीच्या सासरची बायका-माणसं पुढच्याच ओळीत बसली होती आणि त्याच्याकडं बघत होती.

दुपारी बाबूराव उठून उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढली. "हंडा मी दिला न्हाई," तो म्हणाला. "मला कंटाळा आला हुता. नाव मी देवीचं घेतलं. हिरवं दिसलं, तरी वाढलं." पुढचं वाक्य त्याच्या तोंडून लगेच निघेना. गळ्याशी हात नेला त्यानं. गाव थांबलं.

"ठमी त्यानं गेली," तो म्हणाला.

मग सुतारांच्या म्हातारीनं आपली वाटी पुढं केली.